कंपनीकडून सेल लाइन मागवताय? एमटीएवर सही होण्याआधी एवढं बघा

लॅबमध्ये बहुतेक वेळा क्रम उलटाच असतो. आधी कंपनीतल्या ओळखीच्या माणसाला मेल, मग ड्राय आइसचा डबा दारात, आणि मग कोणीतरी विचारतं की अरे एमटीए झालं का? एमटीए म्हणजे मटेरियल ट्रान्सफर अ‍ॅग्रीमेंट. सेल लाइन (म्हणजे लॅबमध्ये वाढवत ठेवलेल्या पेशी), प्लाझ्मिड, अँटीबॉडी, उंदीर, एखादं कंपाउंड, असं काहीही एकीकडून दुसरीकडे जाताना ते कोणाचं आणि कशासाठी वापरायचं हे ठरवणारा कागद.

पहिलं म्हणजे त्यावर एकट्याने सही ठोकू नका, प्रोफेसर असलात तरी. विद्यापीठाच्या वतीने सही करायचा अधिकार सहसा टेक ट्रान्सफर ऑफिसकडे, म्हणजे शोधांचे हक्क आणि करार बघणाऱ्या ऑफिसकडे असतो, तुमची सही "वाचलं, समजलं" एवढ्यापुरती. नुसती फॉर्मॅलिटी वाटते ना? मग स्टॅनफर्डची केस बघा. तिथला एक रिसर्चर पीसीआर, म्हणजे डीएनएच्या भरपूर प्रती काढायची पद्धत, शिकायला सीटस कंपनीत गेला आणि तिथे व्हिजिटर म्हणून एका कागदावर सही करून बसला. स्टॅनफर्डच्या कागदात होतं "हक्क द्यायला कबूल आहे", सीटसच्या कागदात होतं "हक्क याद्वारे देत आहे". पहिलं नुसतं पुढचं वचन, दुसऱ्यात हक्क तिथेच दिला. एवढ्याशा फरकामुळे एचआयव्ही मोजायच्या पद्धतीच्या पेटंटमध्ये रोश या औषध कंपनीचा वाटा निघाला, कारण सीटसचा पीसीआरचा धंदा तोवर रोशने घेतला होता, आणि 2011 मध्ये स्टॅनफर्ड अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात हरलं.

आता खरा खेळ. एमटीएत "मटेरियल"ची व्याख्या शोधा आणि तिथेच अर्धा तास घालवा, बाकीची पानं नंतर. विद्यापीठांच्या आपसातल्या देवाणघेवाणीसाठी 1995 पासून यूबीएमटीए नावाचा ठरलेला मसुदा आहे, कंपन्या तो क्वचितच वापरतात, पण मोजपट्टी म्हणून शेजारी उघडून ठेवा. त्यात विभागणी स्वच्छ आहे. समजा हायब्रिडोमा (अँटीबॉडी बनवणारी सेल लाइन) आला, तर त्याच्यापासून वाढवलेल्या पेशी देणाऱ्याच्या आणि त्या पेशी जी अँटीबॉडी सोडतात तीही देणाऱ्याचीच. पण आलेल्या सेल लाइनमध्ये तुम्ही एखादा जीन घातलात तर ती नवी लाइन तुमची, फक्त तिच्या आत जे मूळ मटेरियल आहे त्यावरचा हक्क देणाऱ्याकडे राहतो.

कंपनीच्या मसुद्यात मात्र हळूच "मटेरियल वापरून मिळालेलं सर्व काही" असं घुसवलेलं असतं. हे मान्य करू नका. एक ट्यूब पाठवून ते तुमच्या तीन वर्षांच्या कामावर हक्क सांगणार, असा त्याचा अर्थ होतो. सरळ नाही म्हणण्यापेक्षा पर्याय द्या: मटेरियल आणि त्याची पिल्लावळ तुमची, आमचे शोध आमचे, हवं तर त्यावर लायसन्ससाठी पहिली बोलणी तुमच्याशी करू. बऱ्याच कंपन्या इथे खाली येतात, कारण त्यांनाही माहीत असतं की पहिल्या मसुद्यात जास्तीचं फक्त मागून बघायचं असतं.

दुसरी अडचण पब्लिकेशनची. पेपर पाठवायच्या आधी कंपनीला 30 ते 60 दिवस वाचायला देणं ठीक आहे, त्यात त्यांचा मुद्दा खराही असतो, कारण युरोपात आधी छापून आलं की सहसा पेटंट गेलंच म्हणायचं. पण "लेखी परवानगीशिवाय छापू नये" असं असेल तर तेवढं वाक्य काढून घ्या. पीएचडीचा विद्यार्थी त्या मटेरियलवर काम करणार असेल तर थिसिसचं वेगळं लिहून घ्या, नाहीतर डिफेन्सची तारीख कंपनीच्या वकिलाच्या सुट्टीवर अवलंबून राहील.

ग्रँटच्या अटीही एकदा पडताळा. एकाच शोधावरचा हक्क फंडिंग देणाऱ्यालाही कबूल केलाय आणि कंपनीलाही, हे नंतर निस्तरता येत नाही. आणि मटेरियल तुम्हीच पाठवणार असाल तर हेच सगळं उलट बाजूने वाचा, शिवाय पुढे तिसऱ्याला द्यायचं नाही आणि माणसांवर वापरायचं नाही, हे दोन मुद्दे आहेत ना ते बघा.

सही झाली की एमटीएचा नंबर आणि संपायची तारीख फ्रीझरमधल्या डब्यावर मार्करने लिहा, नुसती मेलमध्ये ठेवू नका. दोन वर्षांनी कंपनी म्हणते उरलेलं परत करा किंवा नष्ट करा, आणि तेव्हा मागवणारा पोस्टडॉक दुसरीकडे गेलेला असतो, आणि ट्यूबवर फक्त "नवीन, वापरू नये" एवढंच लिहिलेलं असतं.