ऑक्टोबरमधला सल्ला : पाणवनस्पतींबरोबर टाकीत येणारा चपटा कृमी

पावसाळा संपला की शोभिवंत मासे आणि चेरी श्रिम्प वाढवणारे नवी रोपे आणतात. त्यांच्या पानांमागून गिरार्डिया टायग्रिना हा चपटा कृमी टाकीत शिरतो. मूळचा उत्तर अमेरिकेचा. १९२० च्या दशकात जर्मनीत आढळला, आता जपानातही आहे. प्रसार मुख्यतः मत्स्यालयाच्या रोपांतूनच झाला.

ओळख : साधारण एक सेंटिमीटर लांब, तपकिरी ठिपकेदार, डोके त्रिकोणी, त्यावर दोन डोळे. अंगावर वळ्या असतील तर ती जळू किंवा गांडूळवर्गीय कृमी. त्रिकोणी डोके नसलेले दोन-तीन मिलिमीटरचे पांढरे कृमी निरुपद्रवी. देशी प्लॅनेरियाही (याच गटातला चपटा कृमी) असाच दिसतो, पण उपाय तेच.

काचेवर दिसलेला कृमी ब्लेडने खरवडू नका. अमेरिकन जीवशास्त्रज्ञ टी. एच. मॉर्गन यांनी १८९८ मध्ये याच कृमीचे तुकडे करून पाहिले. २७९ व्या भागाएवढ्या तुकड्यातूनही पूर्ण कृमी तयार झाला. एरवीही तो आपणहून दुभंगून वाढतो आणि उबदार पाण्यात हा वेग वाढतो, म्हणून ऑक्टोबरच्या उन्हात गाफील राहू नका. उपाशी ठेवूनही मरत नाही, नुसता आकसतो.

संध्याकाळी झाकणाला २-३ मिलिमीटरची भोके पाडलेल्या बाटलीत कच्च्या मांसाचा तुकडा घालून तळाशी ठेवा. दिवे बंद करा आणि पहाटे बाटली काढा. कृमी उकळत्या पाण्यात टाका. नाल्यात अजिबात नको. हा कृमी पिल्ले आणि अंडी खातो, म्हणून ती असलेल्या टाकीत हे रोज करा. उरलेले खाद्य तळाशी राहिले तर सापळ्याकडे कोणी फिरकत नाही.

सापळ्याने भागले नाही तर फेनबेंडाझोल हे जंतनाशक : १०० लिटरला ५० मिलिग्रॅम शुद्ध घटक, म्हणजे १५० मिलिग्रॅमची गोळी ३०० लिटरला. ती सहज विरघळत नाही. पूड करून थोड्या पाण्यात घुसळून ओता. शोभेच्या गोगलगायी आधी हलवा, त्या मरतात. मेलेले कृमी कुजून प्राणवायू घटतो, म्हणून हवेचा पंप चालू ठेवा आणि दोन दिवसांनी एक तृतीयांश पाणी बदला. खाण्याच्या माशांच्या तळ्यात हे औषध वापरू नका.

नवी रोपे महिनाभर वेगळ्या टबात ठेवा. पोटॅशियम परमँगनेटने कृमी मरेल, पण देठाला चिकटलेला अंड्यांचा कोष टिकतो आणि काही आठवड्यांनी फुटतो. जाळी आणि पाइप एका टाकीतून दुसरीत नेण्याआधी कडक उन्हात पूर्ण वाळवा. कोरडेपणा या कृमीला सोसत नाही.