दोघांसाठी माथेरान: शनिवार-रविवारचा बेत कसा आखावा

माथेरानचा बेत फसतो तो दस्तुरी नाक्यावर. गावात मोटारींना बंदी आहे, त्यामुळे गाडी इथेच लावायची, प्रवेशकर भरायचा आणि बाजारपेठेपर्यंतचं अडीच किलोमीटर अंतर कसं कापायचं ते ठरवायचं. शनिवारी सकाळी दहा-अकराला पोहोचलात तर पार्किंग, कराची खिडकी आणि गावात जाणाऱ्या छोट्या शटल ट्रेनचं तिकीट, तिन्हीकडे रांग. शुक्रवारी संध्याकाळी उजेडात वर पोहोचा, नाहीतर शनिवारी आठच्या आत. सुट्टी मिळत असेल तर रविवारी दुपारी चढून सोमवारी उतरणं सगळ्यात उत्तम. गर्दी उतरत असते, खोल्याही स्वस्त मिळतात.

लोकलने यायचं तर मुंबईहून कर्जत किंवा खोपोली गाडी पकडून नेरळला उतरा. पुण्याकडच्यांनी कर्जतला उतरून मुंबईकडची लोकल घ्यावी. मध्ये भिवपुरी रोड, मग नेरळ. स्टेशनबाहेरून शेअर टॅक्सी अर्ध्या तासात दस्तुरीला सोडते. अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी बांधलेली, 1907 साली सुरू झालेली मिनी ट्रेन याच नेरळहून सुटते. 21 किलोमीटरला तिला अडीच तासांहून जास्त लागतात. जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज अशी स्टेशनं घेत ती चढते, आणि वाटेतल्या एकुलत्या एक बोगद्याला नाव पडलंय ‘वन किस टनेल’. बोगदा किती लांब आहे हे त्यावरून कळावं. या गाडीच्या फेऱ्या मोजक्या असतात आणि पावसाळ्यात नेरळ-अमन लॉज टप्पा बंद ठेवतात. म्हणून सगळा बेत तिच्यावर बांधू नका. तिकीट मिळालं तर बसा, नाहीतर टॅक्सी.

दस्तुरीला लागूनच अमन लॉज स्टेशन आहे. तिथून माथेरानला शटल जाते, वीसेक मिनिटांत. गाडीतून उतरल्या उतरल्या कोणीतरी सांगेलच, ‘शटल बंद आहे, चालत दोन तास लागतील.’ ऐकून घ्या आणि स्वतः खिडकीपर्यंत जाऊन बघा. चालायला पाऊण तास पुरतो, रस्ता जवळपास सपाट आहे. सामान हमालाकडे द्या, पण दर आधी ठरवा आणि हॉटेलचं नाव नीट सांगा. घोड्याच्या बाबतीतही तेच: एका पॉइंटचे की पूर्ण फेरीचे, एका घोड्याचे की दोन्हींचे, हे बसण्याआधी बोलून घ्या. ई-रिक्षा सुरू झाल्या आहेत, मात्र त्या कमी आणि माणसं जास्त.

हॉटेल निवडताना फोटोंपेक्षा अंतर पाहा. ‘स्टेशनपासून चालत किती मिनिटं’ हा प्रश्न फोनवर विचाराच. बाजारपेठेजवळ सोय आहे, पण गजबजही आहे. जुन्या पारशी-बोहरी-इंग्रजी बंगल्यांच्या बाजूला शांतता मिळते, मात्र रात्री जेवायला बाहेर पडायचं तर अंधारातून चालावं लागतं. तिथे जेवणासकटचं पॅकेजच घ्या. खोली सोडायची वेळ काही ठिकाणी भल्या सकाळीच असते, तीही विचारा. ओळखपत्रं दोघांचीही हवीत. एकाचंच असेल तर काउंटरवर खोळंबा ठरलेला. रोख पैसे खालूनच न्या.

आता पॉइंट. अडतीस आहेत म्हणतात, तुम्ही पाच-सात करा. शनिवारी दुपारी शार्लोट लेक, इको आणि लुईझा, हे एकाच बाजूला आहेत. लेकचं पाणी गावाला पिण्यासाठी जातं, त्यामुळे पाय सोडून बसायचं नाही. सूर्यास्ताला पॉर्क्युपाइन पॉइंट. समोर प्रबळगड काळा पडत जातो. परतीची वाट दाट झाडीतून आहे, टॉर्च लागेलच. रविवारी पहाटे पॅनोरमा. बाजारापासून पाचेक किलोमीटर आहे, म्हणजे अंधारातच निघावं लागतं. दोघांपैकी एकालाही पहाटे उठायचा कंटाळा असेल तर हा पॉइंट सोडून दक्षिणेकडे अलेक्झांडर, चौक, वन ट्री हिल अशी आरामात फेरी मारा. 1850 साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट चौक गावाच्या बाजूनेच वर चढले आणि इंग्रजांना हे ठिकाण कळलं. जून ते सप्टेंबर मात्र पॉइंटवर धुक्याखेरीज बहुतेक वेळा काही दिसत नाही, आणि अनेक कड्यांना कठडा नाही. पावसात यायचं ते झाडांसाठी, दरी बघायला नव्हे.

बुटांचं सांगायलाच हवं. इथली जांभ्याची लाल माती उन्हाळ्यात पावडरीसारखी उडते, पावसात चिखल होऊन सोलमध्ये बसते. पांढरे कॅनव्हास एका दिवसात विटकरी होतात आणि धुतले तरी तसेच राहतात. जुने, खाचा असलेले बूट घाला. चाकांची बॅग नको, पाठीवरची सॅक न्या. हातात प्लास्टिकची पिशवी तर मुळीच धरू नका. माकडांना तिची सळसळ ओळखता येते. चिक्की घेतलीत की लगेच सॅकमध्ये टाका आणि चेन लावा.

रविवारी दुपारी तीननंतर शटलला पुन्हा रांग लागते. जेवण लवकर आटोपून एकच्या सुमारास निघा किंवा सरळ चालत या. घाट उतरताना गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये ठेवा. उतार फार तीव्र आहे, आणि सगळा भार ब्रेकवर टाकला की नेरळ येण्याआधीच जळका वास येतो. तसं झालं तर रुंद जागा पाहून गाडी बाजूला घ्या, वीस मिनिटं थांबा, आणि तापलेल्या चाकांवर पाणी ओतू नका.