डिशवॉशरची जाळी आधी बघा

मशीनला वास येतोय, पेल्यांवर बारीक कण राहतायत? मेकॅनिकला बोलावण्याआधी खालचा रॅक काढा आणि तळाची गोल जाळी फिरवून उचला. भाताची शितं, मोहरी, कढीपत्ता, फोडणीचं तेल, सगळं तिथेच साचतं. कोमट पाणी, भांड्यांच्या लिक्विडचे २ थेंब आणि जुना टूथब्रश पुरे. तारेची घासणी नको, जाळी खराब होते. आमच्यासारखा रोज फोडणीचा स्वयंपाक असेल, तर हे आठवड्याला कराच. परत बसवताना घट्ट फिरवा. सैल राहिली तर मोहरी थेट पंपाकडे जाते.

बोअरचं जड पाणी असेल तर डिशवॉशरचं खास मीठ संपू देऊ नका. त्याजागी जेवणातलं बारीक मीठ मात्र कधीच घालू नका.