अपग्रेडनंतर शेअर फोल्डर रखडतंय? आधी आकडा बघा

इचलकरंजीतल्या आमच्या फ्लेक्सच्या दुकानात तीन डिझायनर बसतात आणि सगळं काम एका नॅसवर असतं. नॅस म्हणजे नेटवर्कला जोडलेला हार्डडिस्कचा डबा. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून मी एका रविवारी तिन्ही पीसींवर विंडोज ११ प्रो, २४एच२ आवृत्ती चढवली. सोमवारी सकाळी पहिली हाक आली, "दादा, फाइल जाईना!" ८०० एमबीची टिफ फाइल एरवी आठ-दहा सेकंदांत जायची. आता मिनिट उलटलं तरी हिरवी पट्टी अर्ध्यावरच, आणि गिऱ्हाईक काउंटरवर उभं.

अशा वेळी हात लगेच सेटिंगकडे जातो. तो आवरा, आधी मोजा. एकच मोठी फाइल कॉपीला लावा, खिडकीतलं 'मोअर डिटेल्स' उघडा आणि वेग वाचा. हजार बारक्या फाइलींवर मोजू नका. प्रत्येक फाइल उघडण्या-मिटण्यात आणि अँटिव्हायरसच्या तपासणीत वेळ जातो. दुसऱ्या खेपेला वेगळी फाइल घ्या. आधीची रॅममधूनच येऊ शकते, आणि मग आकडा फसवतो.

गिगाबिट, म्हणजे १००० मेगाबिटच्या नेटवर्कवर सेकंदाला ११० एमबीच्या आसपास मिळायला हवेत. तुमचा काटा ११-१२ वर अडकला असेल, तर लाइन १०० मेगाबिटवर उतरली आहे असं समजा. सेटिंग्जमध्ये इथरनेटखाली 'लिंक स्पीड' बघा, तिथं १०००/१००० च्या जागी १००/१०० दिसेल. गिगाबिटला केबलमधल्या तारांच्या चारही जोड्या लागतात, शंभराला दोन पुरतात. त्यामुळं उरलेल्या दोन जोड्यांतली एखादी तार तुटली तरी नेट चालतं आणि केबलवर कुणाचा संशय जात नाही. आमच्या एका पीसीचं हेच झालं होतं. रविवारी टेबल सरकवताना केबल पायाखाली चेपली होती, अपग्रेडचा तिच्याशी काही संबंध नव्हता. केबल ठीक असेल तर नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर मदरबोर्ड कंपनीच्या साइटवरून घेऊन टाका.

उरलेल्या दोन पीसींवर लिंक १००० ची, तरी वेग २८. मग तीच फाइल नॅसला वगळून एका पीसीवरून थेट दुसऱ्यावर पाठवली: १०८. ही चाचणी मला सगळ्यांत मोलाची वाटते, कारण एका झटक्यात केबल, स्विच (सगळ्या केबली जिथं जोडतात ते यंत्र) आणि दोन्ही पीसी संशयातून सुटतात. राहिला डबा. कॉपी चालू असताना त्याचं कंट्रोल पॅनेल उघडलं, तर प्रोसेसर १०० टक्क्यांवर.

कारण असं, की २४एच२ प्रोमध्ये एसएमबी साइनिंग मुळातच सक्तीचं केलंय. एसएमबी म्हणजे शेअर फोल्डरमधल्या फाइली नेटवर्कवरून ने-आण करण्याची पद्धत, म्हणजे प्रोटोकॉल. साइनिंगमध्ये डेटाच्या प्रत्येक पॅकेटवर (तुकड्यावर) सही होते आणि समोरच्याला ती तपासावी लागते, म्हणजे वाटेत कुणी मजकूर बदलू शकत नाही. नव्या पीसीला हे ओझं जाणवत नाही, जुन्या डब्याचा दम निघतो. बिनपासवर्डचं गेस्ट शेअर तर उघडतच नाही. तिथं नॅसवर पासवर्डचं खातं काढा.

मी नॅसचं फर्मवेअर, म्हणजे डब्यातलं मूळ सॉफ्टवेअर, अपडेट केलं. त्याच्या फाइल सर्व्हिसमध्ये कमाल प्रोटोकॉल एसएमबी २ वर अडकवून ठेवला होता, तो एसएमबी ३ केला. एका वेळी एकच बदल आणि प्रत्येक बदलानंतर मोजणी, हे पाळा. आमचा आकडा ७४ वर आला.

एवढ्यानंही भागलं नाही तर लोकल सिक्युरिटी पॉलिसीत, सिक्युरिटी ऑप्शन्सखाली 'मायक्रोसॉफ्ट नेटवर्क क्लायंट: डिजिटली साइन कम्युनिकेशन्स, ऑलवेज' डिसेबल करता येतं. पण ही सूट त्या पीसीवरून जोडलेल्या सगळ्याच शेअर्सना लागू होते. लॅपटॉप बाहेरच्या वायफायवर जात असेल तर करू नका. मी केलं नाही. ७४ मध्ये ती टिफ अकरा सेकंदांत जाते, आणि नव्या डब्यासाठी मालकांकडं पैसे मागून ठेवलेत.