ऑटिझम असलेलं लहान मूल घरात असेल तर सुरक्षेच्या या चुका टाळा

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे "त्याला सांगितलंय, आता नाही जाणार तो तिकडे" असं म्हणून निर्धास्त होणं. मूल "गॅसला हात नाही लावायचा" हे तोंडपाठ म्हणून दाखवतं आणि म्हणता म्हणताच बटण फिरवतं, कारण वाक्य पाठ असणं वेगळं आणि त्या क्षणी हात आवरणं वेगळं. शिवाय घरच्या शेगडीपासून लांब राहायला शिकलेलं मूल दुसऱ्यांच्या घरी तेच पाळेल असं अजिबात नाही. म्हणून शिकवत रहा, पण कडी, कुलूप, खिडकीची जाळी हे सगळं आधी.

दुसरी चूक, घरातून निसटून जाण्याला "मस्ती" समजणं. 2012 साली 'पीडिॲट्रिक्स' या जर्नलमध्ये अमेरिकेतला एक सर्व्हे आला होता, त्यात ऑटिझम असलेल्या जवळपास निम्म्या मुलांनी वयाच्या चौथ्या वर्षानंतर एकदा तरी असं निसटून जायचा प्रयत्न केला होता. मूल उगाच पळत नाही, एकतर आवडीच्या गोष्टीकडे जातं (पाणी, फिरणारी चाकं, एखादं ठरावीक गेट) नाहीतर गोंगाट, गर्दी असल्या नको असलेल्या गोष्टीपासून लांब पळतं. हे ओळखलं की निम्मं काम होतं. कडी वर लावता आणि खाली खुर्ची तशीच ठेवता, मग काय उपयोग? ही मुलं आपला हात कुठे जातो ते बारकाईने बघत असतात. दार उघडलं की वाजणारी बेल लावा, आणि आगीच्या वेळी मोठ्यांना झटकन उघडता येणार नाही असं कुलूप मात्र नको.

घरात पाहुणे आले की तर जास्तच सांभाळा!! दहा माणसं असतात आणि प्रत्येकाला वाटतं दुसरं कोणीतरी बघतंय. "आता माझ्याकडे आहे" असं तोंडाने बोलून मूल ताब्यात घ्या, आणि जाताना दुसऱ्याच्या ताब्यात देऊनच जा.

आता पाणी, कारण खरी भीती याचीच आहे. निसटलेली कित्येक मुलं पाण्याकडे जातात आणि बुडताना आरडाओरडा होईल ही समजूत चुकीची आहे, बुडणं बहुतेक वेळा आवाज न होता होतं. लहान मुलाला बादलीतलं बोटभर पाणीसुद्धा पुरतं, म्हणून बादल्या, टब वापरून झाले की लगेच रिकामे करा. दंडाला लावायच्या हवेच्या फुग्यांवर भरवसा नको. पोहणं शिकवाच, जमेल तेव्हा कपड्यांसकट पण.

मूल सापडत नाहीये असं झालं तर आधी घरातली कपाटं शोधत बसू नका, एकाने थेट जवळच्या पाण्याकडे धावायचं, टाकी, विहीर, तलाव, जे असेल ते, आणि त्याच वेळी दुसऱ्याने पोलिसांना फोन करायचा. नुसत्या हाका मारून भागत नाही, नावाला ओ न देणारं मूल आवडत्या गाण्याच्या आवाजाने बाहेर येऊ शकतं. मागे ओरडत धावलात तर त्याला तो पकडापकडीचा खेळ वाटतो, म्हणून "थांब" हा शब्द शांत वेळी, लाल कार्ड दाखवून, रोज थोडा थोडा शिकवा. नाव-नंबर कपड्यावर लिहून ठेवा, पण टोचणारा टॅग मूल ओढून काढतं, त्यापेक्षा बुटाच्या आत किंवा शर्टाच्या बाहेरच्या बाजूला शिवा.

रडत नाही म्हणजे लागलं नाही, हे पण डोक्यातून काढा. काही मुलं भाजलं तरी आवाज करत नाहीत, आंघोळीच्या वेळी अंग नीट बघा. अचानक डोकं आपटायला लागलं तर कान, दात, पोट दुखतंय का ते डॉक्टरांकडून तपासून घ्या, "बिहेवियर" म्हणून सोडून देऊ नका.

माती, रंगाचे पोपडे, कागद खाणाऱ्या मुलाला रागावून काही होत नाही, डॉक्टरांना सांगून रक्तातलं लोह आणि शिसं बघून घ्या. रिमोट आणि खेळण्यातले गोल चपटे बटण सेल तर स्क्रूने बंद होणाऱ्या झाकणातच हवेत, गिळल्याचा नुसता संशय आला तरी उलटी काढत बसू नका, लगेच हॉस्पिटल गाठा, अन्ननलिका दोन तासांत भाजू शकते.

अजून एक, शेजाऱ्यांपासून लपवू नका. मुलाचा ताजा फोटो, तुमचा नंबर आणि "हा एकटा दिसला तर हात ओढू नका, हळू बोला, लगेच फोन करा" एवढं लिहिलेला कागद त्यांच्याकडे आजच देऊन ठेवा.