पुढील पंधरा वर्षांसाठी पिकअप किंवा ऑफ-रोड एसयूव्ही कशी निवडावी

पिकअप ट्रक किंवा खडतर वाटांसाठी बांधलेली एसयूव्ही घेणारा माणूस ती दोन-चार वर्षांत बदलण्याच्या विचाराने घेत नाही. अशी गाडी दहा-पंधरा वर्षे राबते, त्यामुळे ती निवडताना आजच्या गरजेबरोबर उद्याच्या परिस्थितीचाही अंदाज घ्यावा लागतो. सध्या हे काम अवघड झाले आहे, कारण खुद्द कंपन्यांचे अंदाज बदलत आहेत. फोर्डने २०२२ मध्ये एफ-१५० लाइटनिंग ही पूर्ण विद्युत पिकअप मोठ्या अपेक्षेने बाजारात आणली आणि डिसेंबर २०२५ मध्ये तिचे त्या स्वरूपातील उत्पादन थांबवून पुढच्या पिढीत वीज तयार करणारे इंजिन बसवण्याचे जाहीर केले. रॅम या अमेरिकी कंपनीने आपली पूर्ण विद्युत १५०० ही पिकअप बाजारात येण्यापूर्वीच २०२५ मध्ये रद्द केली. याच सुमारास मर्सिडीझच्या जी-क्लास या ऑफ-रोड एसयूव्हीची चार मोटरींची विद्युत आवृत्ती रस्त्यावर आली आणि टोयोटाने नव्या हायलक्स पिकअपसाठी डिझेलच्या जोडीला विद्युत पर्याय जाहीर केला.

म्हणून ‘शेवटी कोणते इंधन टिकणार’ या प्रश्नापासून सुरुवात करू नये. या गाड्यांचा उपयोग यापुढे इंधनापेक्षा वजनाच्या हिशेबावर अधिक ठरणार आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. जो ग्राहक हा हिशेब स्वतः कागदावर मांडतो, त्याला डिझेल, हायब्रिड की विद्युत या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा त्याच कागदावर सापडते.

आधी वजन, मग बाकी सगळे

प्रत्येक गाडीच्या माहितीपत्रकात तीन आकडे शोधावेत: रिकाम्या गाडीचे वजन, भरलेल्या गाडीचे कमाल अनुज्ञेय वजन, आणि गाडी व ट्रेलर मिळून चालणारे कमाल वजन. पहिल्या दोन आकड्यांतील फरक म्हणजे गाडीची भारक्षमता. जाहिरातीत ठळक अक्षरांत छापलेला ओढण्याचा आकडा मात्र सर्वांत शेवटी पाहावा, कारण तो एकट्याने फारसे काही सांगत नाही.

समजा, एका डबल कॅब, म्हणजे दोन ओळी आसनांच्या, पिकअपचे रिकामे वजन २२०० किलो आणि कमाल अनुज्ञेय वजन ३२०० किलो आहे. भारक्षमता झाली १००० किलो. सरासरी ७५ किलोची पाच माणसे बसली की ३७५ किलो संपले. पुढचा पोलादी बंपर, अडकलेली गाडी ओढून काढणारी विंच, मागच्या हौद्यावरचे झाकण, जादा बॅटरी आणि भरलेली पाण्याची टाकी यांचे मिळून २५० किलो सहज होतात. आता मागे ३००० किलोचा ट्रेलर जोडला, तर त्याच्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा, म्हणजे ३०० किलो, थेट गाडीच्या हुकावर येतो आणि तोही भारक्षमतेतूनच वजा होतो. एकूण ९२५ किलो झाले, उरले फक्त ७५. माहितीपत्रकावर ३५०० किलो ओढण्याची क्षमता लिहिलेली असली, तरी ही गाडी ३००० किलोच्या ट्रेलरलाच मेटाकुटीला आली आहे, आणि प्रवाशांचे सामान अजून चढायचे आहे.

बॅटरीमुळे हा हिशेब आणखी आवळतो. जीएमसी हमर ईव्ही पिकअपचे रिकामे वजनच चार टनांच्या वर आहे. विद्युत जी-क्लास तीन टनांच्या पुढे जाते. अनेक देशांत साध्या मोटारीच्या परवान्यावर साडेतीन टनांपर्यंतचेच वाहन चालवता येते, तेव्हा अशा गाडीत माणसे आणि सामान भरल्यावर ती कोणत्या वर्गात जाते, हे आधी तपासावे. ओढण्याच्या क्षमतेतील फरक तर डोळ्यांत भरण्यासारखा आहे: नव्या हायलक्सचे डिझेल मॉडेल ३५०० किलो ओढू शकते, तर तिच्याच विद्युत भावंडाची मर्यादा १६०० किलो आहे. इंजिनाबरोबर बाहेरून चार्ज होणारी बॅटरी असलेल्या प्लग-इन हायब्रिडमध्येही सगळ्या सारख्या नसतात. बीवायडी शार्क ६ ची मर्यादा २५०० किलो आहे, तर फोर्ड रेंजरच्या प्लग-इन आवृत्तीने ३५०० किलोचा आकडा राखला आहे, मात्र तिची बॅटरी शार्कच्या निम्म्याहून लहान आहे. बॅटरी मोठी हवी की ओढण्याची ताकद, हे ठरवण्याचे काम कंपनीवर सोपवू नये. ते ग्राहकानेच करावे.

ऊर्जेचे अंतर मोजणे

एक लिटर डिझेलमध्ये सुमारे १० किलोवॅट-तास ऊर्जा असते. ८० लिटरच्या टाकीत ती ८०० किलोवॅट-तास झाली. इंजिन त्यातला जेमतेम एक तृतीयांश भाग चाकांपर्यंत पोहोचवते असे धरले, तरी २५० किलोवॅट-तास कामी येतात. लाइटनिंगच्या मोठ्या बॅटरीत वापरण्याजोगे १३१ किलोवॅट-तास होते. विद्युत मोटर ऊर्जा फार कमी वाया घालवते, हे खरे असले तरी उंच ट्रेलर मागे लागला की हवेचा अवरोध इतका वाढतो की विद्युत पिकअपचा पल्ला बहुधा निम्म्यावर येतो. वाळू आणि चिखलही असाच पल्ला खातात.

यासाठी एक साधी पद्धत वापरावी. आपण जातो त्या मार्गांवर दोन चार्जिंग केंद्रांमधील सर्वांत लांब टप्पा नकाशावर मोजावा, ट्रेलर किंवा वाळू असेल तर तो दुप्पट धरावा, आणि त्यावर वीस टक्के राखीव ठेवावेत. आलेला आकडा गाडीच्या जाहीर पल्ल्यात बसत असेल, तर पूर्ण विद्युत गाडीला नाही म्हणण्याचे कारण उरत नाही. रोज ठरावीक अंतर जाऊन संध्याकाळी एकाच ठिकाणी परतणाऱ्या, शेतात, बांधकामावर किंवा दुरुस्तीच्या कामावर राबणाऱ्या पिकअपसाठी ती आजच उत्तम निवड ठरू शकते. शिवाय गाडीतूनच वीज घेऊन कटर, वेल्डिंग यंत्र किंवा पंप चालवता येतो. लाइटनिंगमधून ९.६ किलोवॅटपर्यंत वीज मिळत असे, आणि जनरेटर वाहून नेण्याचा त्रास वाचणे ही अशा कामात लहान गोष्ट नाही.

टप्पा बसत नसेल, तर विचार रेंज एक्स्टेंडरचा करावा. या रचनेत चाके मोटर फिरवते आणि इंजिन फक्त वीज तयार करते. फोर्ड, रॅम आणि फोक्सवॅगनच्या गटातील स्काउट या तिघांचाही कल तिकडे झुकला आहे. रॅमने आपल्या पिकअपसाठी ९२ किलोवॅट-तासांची बॅटरी आणि ३.६ लिटर व्ही-६ इंजिनावर चालणारा १३० किलोवॅटचा जनित्र जाहीर केला आहे. इथे विक्रेत्याला विचारायचा प्रश्न एकच: बॅटरी संपल्यावर गाडीत किती ताकद उरते? गाडी आणि ट्रेलर मिळून ५ टनांचे वजन ६ टक्के चढावर ताशी ८० किलोमीटर वेगाने न्यायचे असेल, तर चढ, टायरांचे घर्षण आणि हवा या तिन्हींवर मात करण्यासाठी सुमारे १०० किलोवॅट सतत लागतात. १३० किलोवॅटचा जनित्र हे पेलू शकेल. ७० किलोवॅटचा असेल तर लांब घाटात बॅटरी उतरत जाईल आणि अखेरीस वेग पडेल. लहान इंजिनाच्या प्लग-इन हायब्रिडलाही हाच नियम लागू पडतो. अशा गाडीत घाट सुरू होण्यापूर्वी बॅटरी राखून ठेवणारा पर्याय निवडण्याची सवय लावून घ्यावी.

फार दूरच्या, मदत न मिळणाऱ्या प्रदेशांत लांबचे प्रवास करणाऱ्यांसाठी डिझेल अजून काही वर्षे तरी योग्य राहील. मात्र आधुनिक डिझेल इंजिनाचा काजळी-गाळक छोट्या फेऱ्यांत तुंबतो आणि जास्त गंधकाचे इंधन त्याच्या यंत्रणेला मानवत नाही. गावातल्या गावात फिरणाऱ्याने केवळ दणकटपणाच्या समजुतीने डिझेल घेतले, तर तो खर्चात पडेल.

वाटेला काय लागते

लॅडर फ्रेम (शिडीसारखा वेगळा सांगाडा) असेल तरच ती खरी ऑफ-रोड गाडी, ही समजूत आता तपासून घ्यावी लागेल. लँड रोव्हरने नवी डिफेंडर ॲल्युमिनियमच्या मोनोकॉक, म्हणजे सांगाडा आणि बॉडी एकजीव असलेल्या, बांधणीवर आणली, आणि ती अवघड वाटांवर कमी पडत नाही. उलट विद्युत जी-क्लासने लॅडर फ्रेम कायम ठेवून तिच्यातच बॅटरी बसवली. जड ट्रेलर नेहमी ओढायचा असेल किंवा हौद्याच्या जागी वेगळी बांधणी चढवायची असेल, तर फ्रेम हवी. कुटुंबासह अधूनमधून कच्च्या वाटेने जायचे असेल, तर मोनोकॉक गाडी हलकी आणि रस्त्यावर अधिक स्थिर वाटते.

बांधणीपेक्षा भूमिती महत्त्वाची. पुढचा, मागचा आणि पोटाखालचा कोन पाहावा. लांब पिकअपची मागची बाजू ओढ्यातून वर चढताना टेकते आणि दोन चाकांमधील लांब पोट उंचवट्यावर अडकते, त्यामुळे केवळ ग्राउंड क्लिअरन्सच्या, म्हणजे जमिनीपासून पोटाच्या उंचीच्या, आकड्यावर विसंबू नये. लो रेंज, म्हणजे सावकाश चालीत जास्त जोर देणारी गिअरची व्यवस्था, तपासताना पहिल्या गिअरचे, ट्रान्सफर केसचे (पुढच्या-मागच्या चाकांत जोर वाटणाऱ्या पेटीचे) आणि ॲक्सलचे गुणोत्तर एकमेकांशी गुणावे. ४.७, २.६ आणि ३.७ यांचा गुणाकार सुमारे ४५ येतो, आणि दगडांवरून सावकाश उतरण्यासाठी तो चांगला मानावा. विद्युत मोटर शून्य वेगापासून पूर्ण जोर देते, म्हणून तिला इतक्या मोठ्या गुणोत्तराची गरज भासत नाही. तरीही विद्युत जी-क्लासमध्ये प्रत्येक मोटरला वेगळे लो रेंज दिले आहे, यावरून सावकाश चालीत मोटर तापण्याचा प्रश्न किती खरा आहे, ते कळते. चाचणी घेताना एक पुढचे आणि त्याच्या तिरकस समोरचे मागचे चाक अधांतरी राहील असा खड्डा शोधावा. गाडी तिथे किती क्षण अडते, चाक किती फिरल्यावर जोर दुसऱ्या चाकाकडे जातो, हे तिथेच दिसते. डिफ लॉक (दोन्ही बाजूंची चाके एकत्र फिरवणारे कुलूप) असलेली गाडी आणि चार स्वतंत्र मोटरींची गाडी यांतील फरकही तिथेच समजतो.

पाण्याच्या बाबतीत विद्युत गाडी मागे नाही. जी-क्लासची विद्युत आवृत्ती ८५० मिलिमीटर पाण्यातून जाते, इंजिनाच्या आवृत्तीला ७०० मिलिमीटरची मर्यादा आहे. पण बॅटरी पोटाखाली असते. तिच्या खालचे कवच कशाचे आहे, दगडाचा मार बसल्यास तपासणी कोण करते आणि विमा ते नुकसान भरून देतो का, या प्रश्नांची उत्तरे लेखी घ्यावीत. जादा चाक मिळते का, हेही विचारावे. पुष्कळ नव्या गाड्यांत ते नसते, आणि जंगलवाटेवर टायर फाटल्यावर पंक्चर दुरुस्तीची बाटली काही उपयोगाची नसते.

इलेक्ट्रॉनिक्स आणि फेरफार

जुन्या गाडीवर बंपर बदलणे किंवा गाडी उचलणे हे गॅरेजचे काम होते. युरोपीय संघात जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या मोटारीत स्वयंचलित आपत्कालीन ब्रेक बंधनकारक आहे, आणि इतरत्रही तो वेगाने रूढ होत आहे. त्याचा रडार बहुधा पुढच्या जाळीमागे आणि कॅमेरा काचेमागे असतो. रडारसमोर पोलादी बार आला किंवा गाडीची उंची दोन इंच वाढली, की त्याची नजर चुकते. म्हणून फेरफार करणाराच पुन्हा कॅलिब्रेशन, म्हणजे रडार-कॅमेऱ्याची जुळणी, करून त्याचा कागद देणार असेल, तरच काम द्यावे. सॉफ्टवेअरचे अपडेट किती वर्षे मिळणार आणि स्वतंत्र मेकॅनिकला निदानाची माहिती मिळणार का, हे खरेदीपूर्वी विचारणे आता इंजिनाची वॉरंटी विचारण्याइतकेच आवश्यक झाले आहे.

कोणते इंधन घ्यावे हे ठरवताना सरकारी नियमांवर फार भिस्त ठेवू नये, कारण ते देशोदेशी उलट दिशांनी जातात. ऑस्ट्रेलियाने २०२५ मध्ये नव्या वाहनांसाठी कार्यक्षमतेचे मानक लागू केले, त्याच वर्षी अमेरिकेने इंधन-कार्यक्षमतेच्या नियमभंगाचा दंड शून्यावर आणला.

एक गोष्ट मात्र मी आग्रहाने सांगेन. अमेरिकेतील इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टीच्या २०२३ मधील अभ्यासानुसार, बॉनेटची उंची सुमारे एक मीटरहून अधिक असलेल्या गाड्यांची पादचाऱ्याला धडक बसल्यास तो दगावण्याची शक्यता ७६ सेंटिमीटरपर्यंतच्या उतरत्या बॉनेटच्या मोटारींपेक्षा साधारण ४५ टक्क्यांनी जास्त असते. तेच काम बुटक्या नाकाच्या गाडीने होत असेल, तर तीच घ्यावी. चालकाच्या जागेवर बसून, समोर उभ्या केलेल्या लहान मुलाचे डोके किती अंतरावर दिसू लागते, ते प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय कोणतीही उंच गाडी पसंत करू नये.

गाडी घेतल्यानंतर, सगळी उपकरणे बसवून, टाकी किंवा बॅटरी पूर्ण भरून आणि नेहमीची माणसे बसवून ती एकदा वजनकाट्यावर न्यावी. आधी फक्त पुढची चाके, मग फक्त मागची, आणि शेवटी संपूर्ण गाडी असे तीन आकडे घ्यावेत. ट्रेलर असेल तर तो जोडून हेच पुन्हा करावे. मागच्या ॲक्सलचा आकडा मर्यादेबाहेर जात असेल, तर जड सामान कॅबच्या जवळ सरकवावे किंवा उतरवावे. मागे हवेचे स्प्रिंग बसवून गाडी समतल दिसू लागते, पण त्याने मर्यादा वाढत नाही. हुकावरचा जादा भार तसाच राहतो आणि चासिस कॅबच्या मागे वाकते. काट्याच्या पावत्या गाडीच्या कागदपत्रांसोबत ठेवाव्यात आणि नवे उपकरण बसवले की काटा पुन्हा करून घ्यावा.