मेलमधून आलेल्या फॅक्सची प्रिंट काढण्याआधी

फॅक्स मेलमध्ये आला, स्क्रीनवर दिसतोय, पण प्रिंट निघत नाही. किंवा सात पानांऐवजी एकच पान निघतं. अशा वेळी हात आधी प्रिंटरकडे जातो. त्याआधी नोटपॅडमध्ये एक ओळ टाइप करून त्याच प्रिंटरवर छापून बघा. ती नीट आली, तर केबल आणि ड्रायव्हर यांच्यामागे लागू नका. अडचण बहुधा फाइलमध्ये किंवा ती उघडणाऱ्या प्रोग्रॅममध्ये आहे.

आता अटॅचमेंट सेव्ह करून घ्या, सरळ डेस्कटॉपवर. मेलमधूनच उघडलेली फाइल तात्पुरत्या फोल्डरमध्ये जाते, आणि फॅक्स सेवा बरेचदा प्रत्येक फाइलला तेच नाव देते. आउटलुकच्या जुन्या आवृत्त्यांत एकाच नावाच्या 99 प्रती त्या फोल्डरमध्ये साठल्या, की पुढची फाइल तयारच होत नसे. फाइल तयार करता येत नाही असा संदेश आला, तर ते तात्पुरतं फोल्डर रिकामं करा.

सेव्ह केलेल्या फाइलचं एक्स्टेन्शन, म्हणजे नावातल्या शेवटच्या टिंबापुढची अक्षरं, बघा. विंडोज ते लपवून ठेवतं, म्हणून फाइल एक्सप्लोररच्या व्ह्यूमधून दाखवायला लावा. टिफ (चित्राच्या रूपातली फाइल) असेल किंवा पीडीएफ. एक्स्टेन्शनच नसेल, तर फाइल नोटपॅडमध्ये उघडून पहिली अक्षरं वाचा: ‘आय आय’ किंवा ‘एम एम’ दिसलं तर टिफ, टक्क्याच्या चिन्हापुढे ‘पीडीएफ’ दिसलं तर पीडीएफ. त्याप्रमाणे नाव बदला. विनमेल डॉट डॅट नावाची फाइल आली असेल, तर पाठवणाऱ्याला रिच टेक्स्टऐवजी एचटीएमएल किंवा साध्या मजकुरात मेल पाठवायला सांगा.

खरी काळजी घ्यायची ती टिफची. फॅक्सच्या टिफमध्ये सगळी पानं एकाच फाइलमध्ये असतात, आणि काही प्रोग्रॅम फक्त पहिलं पान उघडतात आणि छापतात, तेही काहीच न सांगता. शिवाय साध्या दर्जाच्या फॅक्सचं रिझोल्यूशन आडवं 204 आणि उभं 98 डीपीआय (दर इंचाला ठिपके) असतं. हा फरक ज्या प्रोग्रॅमला कळत नाही, त्याच्यातून अक्षरं उंचीला निम्मी, चेपलेली येतात. काळ्यावर पांढरं असं उलटं पानही याच जातीचं: फाइलमध्ये पांढरा रंग शून्याने लिहिलेला असतो आणि प्रोग्रॅम त्याला काळा समजतो. यातलं काहीही दिसलं तरी प्रिंटरची सेटिंग बदलू नका. अनेक पानांचं टिफ नीट वाचणारा दुसरा प्रोग्रॅम घ्या, किंवा अशा नीट वाचणाऱ्या प्रोग्रॅममधून आधी पीडीएफ करून मग छापा. मला हा पीडीएफचा मार्गच जास्त भरवशाचा वाटतो, कारण छापण्याआधी पानं मोजता येतात.

आउटलुकमधून मेलसोबत अटॅचमेंटही छापण्याचा पर्याय वापरत असाल, तर तो ते काम त्या प्रकारच्या फाइलसाठी ठरलेल्या प्रोग्रॅमवर सोपवतो, आणि प्रिंट डिफॉल्ट प्रिंटरवरच जाते. टिफसाठी प्रोग्रॅम ठरवलेलाच नसेल, तर कागद हलणार नाही. डिफॉल्ट प्रिंटर कोणता आहे तेही बघा. विंडोजला तो स्वतः निवडू द्यायची सेटिंग चालू असेल, तर शेवटी वापरलेला प्रिंटर डिफॉल्ट होतो. ती बंद करा. यादीतला ‘फॅक्स’ नावाचा प्रिंटर डिफॉल्ट झाला असेल, तर कागदाऐवजी फॅक्स पाठवायची खिडकी उघडते.

कागदाचा आकार तपासा. पाठवणाऱ्याचा लेटर, तुमचा ए4 असा प्रकार असेल, तर पानात बसवून छापण्याचा पर्याय निवडा, नाहीतर कडेच्या ओळी कापल्या जातात. बऱ्याच फॅक्समध्ये पानाच्या अगदी वरच्या ओळीत तारीख, पाठवणाऱ्याचा नंबर आणि पान क्रमांक असतो. ही ओळ प्रत्येक कागदावर आली आहे ना, क्रमांक सलग आहेत ना, हे पाहून घ्या. एखाद्या तपासणीच्या अहवालाचं किंवा कराराचं मधलं पान गळालं, तर ते वाचणाऱ्याला कळणारही नाही. सगळी पानं जुळेपर्यंत मूळ मेल डिलीट करू नका.